पोटगी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे

आपल्याकडे काडीमोड झाला की लोक म्हणतात, "सुटले एकदाचे दोघेही." नवराबायकोपुरते ते खरे असेल. भांडीकुंडी परत जातात, दागिन्यांची यादी होते, कागदावर सह्या होतात आणि दोन घरे वेगळी होतात. पण त्या दोघांच्या मध्ये एखादे लेकरू असले तर ते कोणाकडूनच सुटत नाही. ते आईजवळ राहते, बापाचे नाव लावते आणि दरवर्षी चार बोटे उंच होते. बापाने त्याच्यासाठी दरमहा किती द्यायचे हा आकडा मात्र निकालाच्या दिवशी जो ठरला तोच राहतो. लेकरू वाढते, आकडा वाढत नाही.

मी शेतीखात्यातला माणूस. कायदा हा काही माझा प्रांत नव्हे. पण गेली तीस वर्षे गावोगाव हिंडताना एक अनुभव नेहमी येतो. शेतकरी बियाण्याचे किंवा फवारणीचे विचारायला येतो आणि उठता उठता पिशवीतून दुसराच कागद काढतो. "साहेब, एवढं वाचून सांगा." तो कागद कधी बँकेचा असतो, कधी तलाठ्याचा, तर कधी कोर्टाचा. पोटगीचे, म्हणजे आपल्या भागात ज्याला खावटी म्हणतात त्याचे, कागद मी असे पुष्कळ पाहिले. पुढे तोच प्रश्न माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात आला, तेव्हा मात्र त्याच्या खोलात शिरावे लागले. त्यातून जे कळले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो. भाचीला विचारूनच लिहीत आहे. नावे-गावे तेवढी गाळली आहेत.

माझ्या भाचीचा घटस्फोट २०१५ साली झाला. दोघांनी मिळून, परस्पर संमतीने अर्ज केला होता. मारहाण किंवा व्यसन असे काही नव्हते, पण दोघांचे जमले नाही ते नाहीच. तेव्हा तिचा मुलगा चार वर्षांचा होता. तिने स्वतःसाठी काही मागितले नाही. "मला त्यांचं काही नको, माझे हात धड आहेत," असे ती म्हणाली आणि माहेरी येऊन शिवणयंत्रावर बसली. मुलासाठी म्हणून दरमहा १,५०० रुपये ठरले. त्या वेळी ते पुरेसेही वाटले. चार वर्षांच्या पोराला असे लागते तरी काय? दूध, चार कपडे आणि अंगणवाडी.

त्यानंतर नऊ वर्षे गेली. बापाने पैसे द्यायचे टाळले नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. कधी दोन महिने उशीर झाला, पण पैसे आले. ते १,५०० मात्र १,५०० च राहिले. सोयाबीनचा हमीभाव २०१५-१६ साली क्विंटलला २,६०० रुपये होता, तो २०२४-२५ साली ४,८९२ रुपये झाला. बाजारात तो पदरात पडतो की नाही हे दुःख निराळे. पण सरकारलाही आकडा बदलावा लागला, कारण पिकवण्याचा खर्च वाढला. मग लेकरू वाढवण्याचा खर्च तेवढा जागच्या जागी कसा राहील? रोपाला घातलेले पाणी फुलोऱ्यातल्या पिकाला पुरत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

२०२४ सालच्या उन्हाळ्यात मी बहिणीकडे गेलो होतो. मुलगा आठवीत जाणार होता. दारात त्याचे बूट होते. पुढचा भाग ब्लेडने नीट कापून अंगठ्याला जागा केलेली. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, उन्हाळ्यात हवा लागते म्हणून कापले." तेरा वर्षांचे पोर आईला खर्च पडू नये म्हणून खोटे बोलत होते, आणि ते इतके सफाईने बोलत होते की त्याला त्याची सवय झालेली दिसली. गणिताची शिकवणी त्याने आपणहून सोडली होती. "मला येतं सगळं," हे त्याचे कारण.

त्या रात्री बहीण माझ्यावरच घसरली. "दादा, तू सरकारी माणूस. त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, म्हशी आहेत, सारं तुला ठाऊक. चांगले दहा हजार मागायचे. नऊ वर्षांचं उट्टं काढायचं." भाची खाली मान घालून बटणे लावत होती. ती म्हणाली, "मामा, मला भांडण नको. पुन्हा कोर्टाची पायरी नको. आणि एकदा सही केली ती केली. आता बदलतंय होय?"

हाच प्रश्न मला गावोगाव ऐकू येतो. लोकांना वाटते की कोर्टाने एकदा आकडा लिहिला की ती काळ्या दगडावरची रेघ. तसे नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्याच्या २६ व्या कलमात मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांविषयी न्यायालयाला वेळोवेळी हुकूम देता येतात आणि घटस्फोट झाल्यानंतरही ते बदलता येतात असे स्पष्ट म्हटले आहे. पोटगीचा हुकूम फौजदारी कायद्याखाली झालेला असेल तर त्यातही अशीच सोय आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ पोटगीचे आणि कलम १२७ तीत बदल करण्याचे. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात तीच कलमे १४४ आणि १४६ या आकड्यांनी आली आहेत. परिस्थिती बदलली हे दाखवले की रक्कम वाढवून मागता येते, आणि कमीही करून मागता येते.

जुन्या माणसांच्या मनात आणखी एक गैरसमज पक्का आहे, की पोटगी पाचशेच्या वर मिळतच नाही. १९७३ सालच्या संहितेत दरमहा पाचशे रुपयांची कमाल मर्यादा खरोखरच होती. २००१ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ती गेली. आता आकडा ठरतो तो दोन गोष्टींवर. लेकराची गरज किती, आणि आईबापांची ऐपत किती.

आणि आईने सही केली म्हणून मुलाचा हक्क बुडत नाही. पोटगी आईच्या हातात पडत असली तरी ती मुलाची असते. आईबापांना आपापसातला हक्क सोडता येईल, पण पोराच्या ताटातली भाकरी करारात लिहून देता येत नाही. हे भाचीला समजावून सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा मान वर करून बोलली. "म्हणजे हे मी माझ्यासाठी मागत नाही, असंच ना?" मी म्हटले, "तुझ्यासाठी मागायचं असतं तर तुला भांडण म्हणता आलं असतं. ह्याला भांडण म्हणू नये."

मग आम्ही वही घेऊन बसलो. पिकाचा एकरी खर्च काढायला मी शेतकऱ्यांना शिकवतो, तीच रीत इथे लावली. वर्षाचा खर्च लिहायचा आणि बाराने भागायचे. धान्य, दूध, तेल, भाजी मिळून मुलाच्या वाटणीचे महिन्याला २,२०० रुपये. शाळेची फी, वह्यापुस्तके, गणवेश यांचे वर्षाचे ९,६००, म्हणजे महिन्याला ८००. एस.टी.चा पास आणि जाण्यायेण्याचे ३००. कपडे आणि पायताण ४००. औषधपाणी ३००. गणित-विज्ञानाची शिकवणी ७००. वीज, गॅस असा घरातला वाटा ३००. एकूण बरोबर ५,०००. बहिणीला हा आकडा फार लहान वाटला. पण ज्याचा हिशेब वहीत नाही ते मागायचे नाही, असे मी तिला निक्षून सांगितले. पिकाच्या नुकसानीत दोन एकराचे चार एकर सांगणाऱ्याचे उरलेले दोनही जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

बहिणीचे दुसरे म्हणणे असे होते की त्याच्या उत्पन्नाचा दाखला मीच लिहून द्यावा. ते मी केले नाही. नात्यातल्या माणसाच्या तोंडी दाखल्याला किंमत नसते, आणि सरकारी शिक्का घरच्या कामाला वापरायचा नसतो. पण कागद कोठे कोठे मिळतात ते सांगण्यात गैर काहीच नव्हते. शेतकऱ्याची कमाई पगारासारखी एका चिठ्ठीवर नसते. ती दहा ठिकाणी विखुरलेली असते. सातबारा आणि आठ-अ वरून जमीन कळते. ई-पीक पाहणीवरून पेरा कळतो. बाजार समितीतल्या अडत्याची हिशेबपट्टी, कापूस विकल्याची पावती, दूध संस्थेची बिले, सोसायटीचे आणि बँकेचे कर्जाचे उतारे यांवरून आवक-जावक कळते. नुसत्या सातबाऱ्यावर कोणी श्रीमंत ठरत नाही आणि गरीबही ठरत नाही.

या बाबतीत एक मोठी सोय २०२० साली झाली. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्व देशासाठी काही नियम घालून दिले. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, खर्च आणि कर्ज यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. शेती करणाऱ्यांसाठी या प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुनाच त्या निकालाला जोडला आहे. जमीन किती, जिरायत की बागायत, कोणती पिके, गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न, बटाईने केलेली जमीन, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या आणि जमिनीवरचे कर्ज अशी सारी माहिती त्यात भरावी लागते. हा नमुना वाचताना माझ्या मनात आले की शेती समजणाऱ्या माणसाने तो तयार केला असावा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही त्याच निकालात सांगितले आहे. म्हणून अर्ज लांबवू नये. गेली पाच वर्षे कमी मिळाले ते आता भरून द्या, असे म्हणून सहसा काही हाती लागत नाही. अर्जाच्या आधीची वर्षे गेली ती गेलीच.

वकिलाच्या फीची भाचीला धास्ती होती. तिथेही कायदा आड येत नाही. १९८७ सालच्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट त्यांना नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. तिथे साधा अर्ज द्यायचा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. भाचीला अशाच एक तरुण वकीलबाई मिळाल्या आणि जुलै २०२४ मध्ये, ज्या न्यायालयाने घटस्फोट दिला होता तिथेच, रक्कम वाढवून मिळण्याचा अर्ज दाखल झाला.

नोटीस मिळाल्यावर मुलाचा बाप मला तालुक्याच्या बाजारात भेटला. तो अजूनही मला मामाच म्हणतो. रागात होता. "मामा, मी एक महिना तरी बुडवला का? मग कोर्टाचा कागद कशाला? माझं दुसरं लग्न झालं, लहान पोरगी आहे, आईवडील म्हातारे आहेत. आणि पैसे पोराच्या पोटात जातात का, हे मला कोण सांगणार? पोरगं तर मला भेटूही देत नाहीत."

त्याचे सगळेच खोटे नव्हते. मी त्याला चहा पाजला आणि एवढेच सांगितले की तुझी बाजू तू तुझ्या वकिलामार्फत मांड, पण दोन गोष्टींची गाठ मारू नको. भेट हा एक हक्क आहे, पोटगी हा दुसरा. भेटू दिले नाही म्हणून पैसे थांबवता येत नाहीत, आणि पैसे आले नाहीत म्हणून आईलाही भेट बंद करता येत नाही. भेट हवी असेल तर त्याच कोर्टात मागावी. दुसरे लग्न झाले, दुसरे मूल झाले, तर त्याचा विचार न्यायालय करते, पण त्यामुळे पहिल्या मुलाचे देणे फिटत नाही. थोरल्या बैलाचा चारा धाकट्याच्या दावणीला नेऊन बांधला तर गाडी कशी ओढली जाईल?

न्यायालयाने हे प्रकरण मध्यस्थीसाठी पाठवले. तिथे दोघांचे कागद टेबलावर आले. बापाची चार एकर सोयाबीन आणि दीड एकर कापूस, सारी जिरायत. आधीच्या हंगामात २२ क्विंटल सोयाबीन ४,४०० रुपयांनी गेले होते, म्हणजे ९६,८०० रुपये. त्यातून ६२,००० रुपये खर्च वजा जाता ३४,८०० उरले. कापसाचे खर्च जाऊन २५,००० च्या आसपास. नुसत्या शेतीवर बघितले तर साठ हजारही पुरे नाहीत. बहिणीला वाटले होते की तो मालदार आहे, तो गैरसमज तिथेच गळाला. पण दोन म्हशींच्या दुधाचे चारा-पेंड जाऊन महिन्याला पाच हजार, आणि ट्रॅक्टरच्या भाड्याचे हप्ता, डिझेल, दुरुस्ती वजा जाता वर्षाला ऐंशी हजार, हेही त्याला लिहावे लागले. सारे मिळून वर्षाचे दोन लाख. भाचीची शिवणकामाची कमाई महिन्याला सहा हजार. तीही तिने लपवली नाही. मुलाचा भार आई आणि बाप दोघांवरही आहे. कायदा तसे म्हणतो आणि तिलाही ते मान्य होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तडजोड झाली. पाच हजारांपैकी साडेतीन हजार बापाने द्यायचे, उरलेले दीड हजार आईने घालायचे. दरवर्षी जूनमध्ये, शाळा सुरू होताना, बापाच्या रकमेत ३०० रुपयांची वाढ. आधीच्या आठ महिन्यांचा फरक १६,००० रुपये झाला, तो दोन हप्त्यांत. आणि एक गोष्ट खास शेतकऱ्याच्या सोयीची. जुलै ते डिसेंबर दरमहा दूध आणि भाड्याच्या पैशांतून द्यायचे, आणि सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आला की डिसेंबरात पुढच्या सहा महिन्यांचे एकदम भरायचे. शेतकऱ्याच्या घरी पैसा पहिल्या तारखेला येत नाही, तो हंगामाला येतो. हे ध्यानात घेऊन तारखा ठरवल्या तर देणाऱ्याला ओझे वाटत नाही आणि घेणाऱ्याला वाट पाहावी लागत नाही. पैसे मुलाच्या बँक खात्यात जातात, म्हणजे कोणाच्या मनात किंतु राहत नाही. महिन्यातले दोन दिवस आणि दिवाळीची निम्मी सुट्टी मुलाने बापाकडे राहायचे, हेही त्याच कागदात आले. न्यायालयाने तसा हुकूम केला.

इथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिलाच नसता. खरी परीक्षा पुढे झाली.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पाऊस कसा कोसळला ते वाचकांना सांगायला नको. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले. शेंगांना कोंब फुटले, काही ठिकाणी तर मातीच वाहून गेली. मुलाच्या बापाचे शिवार नदीकाठचे. चार एकरांपैकी तीन एकर गेले. कापसाची बोंडे सडली. पंचनामे झाले, मदत जाहीर झाली, पण मदतीने वर्ष निघत नाही. डिसेंबरात भरायचे २२,८०० रुपये त्याच्या डोळ्यांपुढे नाचू लागले. भावकीतले लोक सांगू लागले, "थांबव सरळ. पीक गेलं म्हटल्यावर कोण काय करतंय?"

असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आणि नंतर वॉरंट आले की त्यांतला एकही दारात उभा राहत नाही. पोटगी आपल्या मनाने थांबवली तर थकबाकी चढत जाते. फौजदारी कलमाखाली हुकूम झालेला असेल तर ती वसूल करण्यासाठी वॉरंट निघते, आणि तरीही भरली नाही तर कैदही होऊ शकते. पीक बुडाले हे कारण खरे असते, पण ते कारण कोर्टापुढे मांडले तरच कारण ठरते. मनातल्या मनात ठेवले तर तो बुडवेपणा ठरतो. आईच्या बाजूनेही ध्यानात ठेवायचे ते असे की याच कलमाखाली थकबाकी मागायची असेल तर ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. "देईल कधीतरी" म्हणत दोन वर्षे बसून राहिल्यास हा रस्ता बंद होतो.

या वेळी वाट सोपी झाली ती मुलामुळे. दिवाळीच्या सुट्टीत तो बापाकडे गेला होता. परत आल्यावर आईला म्हणाला, "आई, बाबांचं शिवार चिखलात गेलंय. मी त्यांच्याबरोबर शेंगा वेचल्या. अर्ध्या काळ्या निघाल्या." एवढेच बोलून तो अभ्यासाला बसला. भाची रात्रभर विचारात होती. सकाळी तिने मला फोन केला. "मामा, वाढ मागायला कोर्टात जाता येतं, तसं त्यांना कमी मागायलाही जाता येतं ना? मग ते येण्याआधी आपणच विचारू."

बापाचे मन होते की निम्मीच रक्कम करून घ्यावी. पण पोराची भूक पावसाने निम्मी झाली नव्हती. दोन्ही वकिलांनी बसून मार्ग काढला. रक्कम ३,८०० च राहिली. डिसेंबरचा एकदम भरणा रद्द करून जानेवारी ते जूनही दरमहा द्यायचे ठरले, म्हणजे दुधाच्या बिलातून ते निघते. जून २०२६ ची ३०० रुपयांची वाढ एक वर्ष पुढे ढकलली. तशी पुरसिस दोघांच्या सह्यांनी कोर्टात दाखल झाली. तोंडी काही ठेवले नाही. पंचनाम्याची नक्कल सोबत जोडली. तेव्हापासून एकही महिना चुकलेला नाही.

या सगळ्यातून मला जे शिकायला मिळाले ते थोडक्यात सांगतो. रक्कम बदलायची असेल तर ती कागदावर बदला. गोडीगुलाबीने ठरले तरी कोर्टात नोंदवा, कारण आज गोडी आहे, उद्या असेलच असे नाही. पैसे हातोहात देऊ नका, खात्यात भरा. दिवाळीला कपडे दिले, पोतेभर गहू दिला, तर तो जिव्हाळा समजावा. हुकुमातल्या रकमेतून तो वजा धरू नये. खर्चाची वही आईने ठेवावी, उत्पन्नाची बापाने ठेवावी, आणि दोघांनीही खरी ठेवावी.

आणखी दोन-तीन शंका लोक विचारतात. फौजदारी कलमाखालची पोटगी कोणत्याही धर्माच्या मुलाला मागता येते. मुसलमान बापावरही ही जबाबदारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट केले आहे. या कलमाखाली मूल साधारणपणे अठरा वर्षांचे होईपर्यंत पोटगी मिळते, अपंगत्वामुळे किंवा आजारामुळे ते स्वतःचे पोट भरू शकत नसेल तर त्यापुढेही. हिंदू कुटुंबातली अविवाहित मुलगी मात्र, स्वतःच्या कमाईवर तिचा निर्वाह होत नसेल तर, लग्न होईपर्यंत १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याखाली बापाकडे पोटगी मागू शकते. आणि आईबाप वेगळे झाले म्हणून वडिलोपार्जित जमिनीतला मुलाचा किंवा मुलीचा वाटा जात नाही. पोटगी दिली म्हणजे वाटा दिला, असे कोणी समजू नये.

भाचीचा मुलगा आता दहावीच्या तयारीला लागला आहे. शिकवणी पुन्हा सुरू झाली. बूट नवे आहेत, तेही एक माप मोठे घेतलेले, कारण हिशेबी आईचा मुलगा आहे. त्याला शेतकी शाळेत जायचे आहे असे तो म्हणतो. मी त्यावर काही बोललो नाही. बापाचे शिवार पाहून आल्यावरही त्याला तसे वाटते, यातच मला समाधान आहे.

आपल्याकडे गुढीपाडव्याला सालगड्याचे नवे साल ठरते. मालक आणि गडी समोरासमोर बसतात. महागाई किती वाढली, काम किती वाढले, घरात खाणारी तोंडे किती, सारे बोलून नवा आकडा ठरतो. दहा वर्षांपूर्वीच्या सालावर कोणी गडी ठेवत नाही, आणि ठेवू म्हटले तर गडी राहत नाही. लेकराला असे उठून जाता येत नाही. म्हणून ज्या घरांवर हा प्रसंग आला आहे त्यांनी पाडव्याच्या सुमारास एक दिवस त्याच्याही सालाचा विचार करावा. त्याची उंची मोजावी, इयत्ता पाहावी, आपले पीक पाहावे, आणि आकडा बदलायला हवा असेल तर शाळा उघडण्यापूर्वी अर्ज करावा.